डिशमधले पोरके

आमच्या घरी विलायती चॅनेल आलं ते कुरडयांमुळे.

धुळ्यात केबल नवी नवी होती तेव्हाची गोष्ट. गल्लीत तीन मजली घर आमचं एकट्याचं, म्हणून केबलवाल्यानं आपल्या दोन्ही डिश आमच्याच गच्चीवर बसवल्या होत्या. हा केबलवाला आधी आबांच्या दुकानात होता. आबा म्हणजे माझे थोरले काका, आणि त्यांचं दुकान म्हणजे विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून पुन्हा भरून देण्याचं. ते प्रामाणिक काम सोडून हा माणूस लोकांना नाचगाणी दाखवायला लागला, याचा आबांना भारी राग होता. मग त्यानं गच्चीच्या बदल्यात आम्हाला केबल फुकट दिली, तेव्हा आबा म्हणाले की पोरगा तसा होतकरूच होता.

दोन डिशपैकी मोठी होती तिच्यावर गल्लीचं सगळं चालायचं. लहान डिश त्यानं कुठून तरी जुनी उचलून आणली होती. ती दोन विटांवर तिरपी उभी असायची आणि काहीच पकडायची नाही. प्रयोगासाठी आहे, असं तो म्हणायचा. प्रयोग कसला ते आम्ही कधी विचारलं नाही.

आता उन्हाळ्यात गच्ची मोठ्या आईची असायची. मोठी आई म्हणजे आबांची बायको. तिच्या वाळवणाच्या दिवसांत गच्चीवर पाय ठेवायची आबांचीही छाती नव्हती. तर त्या वर्षी त्या लहान डिशची सावली नेमकी कुरडयांवर पडायला लागली. मोठ्या आईनं दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला, ती डिश विटांसकट उचलली आणि कठड्याकडे तोंड करून ठेवून दिली. खाली टीव्हीवर जिथे वर्षभर नुसत्या मुंग्या यायच्या, तिथे चार तरुण पोरं एका सोफ्यावर बसून इंग्रजीत भांडायला लागली.

केबलवाला धावत आला. गच्चीवर जाऊन त्यानं डिशकडे बघितलं, मोठ्या आईकडे बघितलं आणि हात जोडले. म्हणाला, "काकू, आता हिला कोणी हात लावू नका." हे ब्रिटनचं चॅनेल आहे, तिकडच्या तरुण मंडळींसाठी आहे, संध्याकाळी आधी विनोदी मालिका लागतात आणि मग गंभीर, एवढं तो कुठून तरी विचारून आला. कुरडया त्या वर्षी जिन्याशेजारच्या कोपऱ्यात वाळल्या.

गल्लीत ते चॅनेल कोणी बघेना. त्यात गाणी नव्हती, देव नव्हते आणि क्रिकेटही नव्हतं. आम्ही बघायचो, कारण मी इंग्रजी घेऊन बी. ए. करत होते.

त्याबद्दल फार कौतुक नको. आमच्या कॉलेजात इंग्रजी मराठीतून शिकवायचे. सर एक ओळ वाचायचे, चष्मा काढायचे आणि म्हणायचे, "म्हणजे काय, तर तो फार दुःखी आहे." तीन वर्षं आम्ही ज्या कोणाला वाचलं तो फार दुःखी होता. तरी मला एम. ए.ला पुण्याला जायचं होतं. इंग्रजीचं प्रेम हे त्याचं कारण नव्हतं, पुणं हेच कारण होतं. कॉलेजातल्या दोन मुली जाणार होत्या, त्यांना खोली घ्यायची होती आणि तिसरी हवी होती. मला त्या खोलीची स्वप्नं पडायची. स्वप्नात खोलीत काहीच नसायचं, नुसतं आतून लावायचं दार असायचं.

आबांचं म्हणणं असं की आपल्या घरच्या मुली एका घरातून निघतात त्या दुसऱ्या घरात थांबतात, मध्ये खोली वगैरे लागत नाही. दुसरं घर त्यांनी शोधूनही ठेवलं होतं. जळगावचं. त्या लोकांचे केळीचे ट्रक होते, रावेरहून भरून थेट दिल्लीला जायचे, आणि मुलगा त्या धंद्यात मुरलेला होता. त्याचा फोटो आला होता. फोटोतही तो ट्रकलाच टेकून उभा होता.

माझे वडील घरात धाकटे, त्यामुळे त्यांना मत असायची पद्धत नव्हती. आई प्राथमिक शाळेत शिकवायची. दिवसभर दुसऱ्यांच्या पोरांवर ओरडून घरी आली की तिला कोणाशी वाद घालायचं त्राण नसायचं. राहता राहिली मोठी आई. आबा घरचे कारभारी होते खरे, पण त्यांना जे वाटायचं ते आदल्या दिवशी मोठ्या आईला वाटलेलं असायचं. तिला मूल नव्हतं. घरात याबद्दल कोणी बोलत नसे, कारण मी होते. मला न्हाऊमाखू घातलं तिनं, शाळेत सोडलं तिनं, आणि पहिल्यांदा नापास झाले तेव्हा मास्तरांच्या घरी जाऊन भांडलीही तीच. तेव्हा पुणं की जळगाव हे तिच्या हातात होतं. आणि ती काहीच बोलत नव्हती.

म्हणून मी तिला पटवायला निघाले. म्हटलं, मोठी आई, हे चॅनेल बघून माझं इंग्रजी सुधारतंय. ती म्हणाली, "बरं." आणि सुधारतंय की नाही ते बघायला मेथीची जुडी घेऊन रोज माझ्याशेजारी बसायला लागली.

विनोदी मालिका होती ती त्या चार पोरांची. दोन मुलगे, दोन मुली, एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर राहायची. एक मुलगी बुटकी आणि भांडखोर. दुसरी उंच, घरातही ओव्हरकोट घालून हिंडायची. एक मुलगा सोफ्यावरच झोपायचा. दुसऱ्याला काय काम होतं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण तो दारातून आत आला की हशा व्हायचा. भांडणं व्हायची ती भांडी कोणी घासायची यावरून. जेवण म्हणजे डब्यातले लाल घेवडे, तेही डब्यातूनच. इतकं सगळं मला कळायचं, कारण त्याला इंग्रजी लागत नाही. बाकीचं मी चौथाई समजायचे आणि तीन चौथाई ठोकून द्यायचे.

पहिल्याच दिवशी मोठ्या आईनं मेथीची काडी खाली ठेवली आणि आपल्या अहिराणीत विचारलं, "यासना मायबाप कोठे शेतस?"

मी म्हटलं, नाहीत इथे.

"मरी गया व्हतीन," ती म्हणाली. "बिचारा."

मी समजावलं. ही भावंडं नाहीत, मित्र-मैत्रिणी आहेत, आपापल्या मर्जीनं एकत्र राहतात. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसे काही माझ्या फीचे पैसे पाण्यात गेले.

"पोऱ्या आन पोरी एकच घरमा, आन दोस्त? तुले इंग्रजी येस का नही?"

झालं. त्या दिवसापासून ती चौघं सख्खी पोरकी भावंडं झाली. एकदा हे धरलं की मग बाकी सगळं जागच्या जागी बसत गेलं, आणि माझी पंचाईत अशी की तिचं बसायचं ते माझ्यापेक्षा चांगलं बसायचं. उंच मुलगी घरात कोट का घालते? अंगावर दुसरं धड लुगडं नाही म्हणून. मुलगा सोफ्यावर का झोपतो? घरात गोधडी एकच, ती बहिणींना दिली. डब्यातले घेवडे का खातात? चुलीपाशी बसायला कोणी शिकवलंच नाही. बुटकी भांडते का? थोरली आहे, सगळा भार तिच्यावर. मोठ्या आईला सगळ्यात लळा लागला तो या बुटकीचा.

राहता राहिला तो हशा. दर वाक्यानंतर कुठून तरी शंभर माणसं हसायची. मोठी आई दोन-तीन दिवस कान देऊन ऐकत होती.

"हाई कोन हाशी राह्यनं?"

मी काही बोलायच्या आत तिलाच उलगडलं. शेजारीपाजारी. भिंती पातळ असणार, तिकडे सगळं ऐकू जातं. पोराच्या हातून कप फुटला तरी हसतात, पोरगी रडली तरी हसतात. "पोरकासले हासतस. लाज शे का मेलासले," असं म्हणून तिनं टीव्हीच्या बाजूच्या भिंतीकडे रागानं पाहिलं. भिंतीपलीकडे आमचे शेजारी राहायचे. त्या बिचाऱ्यांचा काहीएक संबंध नव्हता, पण त्या आठवड्यात तिनं त्यांना विरजण दिलं नाही.

दुकान लवकर बंद करून आबाही येऊन बसायला लागले. ते आधी नाक मुरडायचे. मग एकदा मुलांच्या घरातला नळ फुटला आणि पोरं त्याला फडकी बांधत बसली. आबांचा जीव वरखाली झाला. "अरे आधी मेन कॉक बंद करा," असं ते टीव्हीला सांगत राहिले. त्यानंतर त्यांनी एक भाग चुकवला नाही. शंभर माणसं तिकडे पोट धरून हसायची आणि धुळ्यात आमच्या घरात त्याच वेळी डोळ्यांना पदर लागलेले असायचे.

खरी मजा पुढे होती. विनोदी मालिका संपली की गंभीर नाटक लागायचं. त्यात कायम पाऊस पडायचा. एक माणूस मोटारीत बसायचा, वायपर चालायचे, तो बोलायचा नाही. मग घरी येऊन अंडं उकळत ठेवायचा आणि खिडकीतून बाहेर बघायचा. बायको यायची, तीही बोलायची नाही. आमच्या सरांच्या भाषेत सांगायचं तर तो फार दुःखी होता. पण इथे हशा नव्हता. शेजारी गप्प, म्हणजे याचं बरं चाललंय, असा आमच्या घरानं अर्थ लावला. घर आहे, मोटार आहे, बायको आहे, पोटाला अंडं आहे, आणि हा बसलाय तोंड पाडून. भांड्यातलं पाणी आटत आलं आणि तरी तो खिडकीतच, तेव्हा मोठी आई हसायला लागली ती थांबेना. "अंडं जळी राह्यनं, बाबा, अंडं देख," असं म्हणत तिनं मांडीवरची मेथी सांडली. आबा ठसका लागेपर्यंत हसले. माझी आई वह्या तपासायचं सोडून आली आणि तीही हसली. ब्रिटनमधल्या कोण्या दिग्दर्शकानं जीव तोडून ते नाटक केलं असेल. त्याला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगते, धुळ्यात त्याच्यासारखा विनोदी माणूस झाला नाही.

इथवर सगळं ठीक होतं, पण माझा खटला मात्र रोज बिघडत होता. ज्या चॅनेलच्या जोरावर मी पुण्याला निघाले होते तेच माझ्याविरुद्ध साक्ष देत होतं. मी खोलीचा विषय काढला की मोठी आई टीव्हीकडे बोट करायची. खोलीत राहिलं की काय होतं ते समोर दिसतंच आहे. गोधडी नाही, भाकरी नाही, नळ फुटला तर बघायला माणूस नाही, वर गल्ली हसते. "त्यासले कोनी नही म्हनीसन राहतस. तुले आम्ही शेतस ना?" मी चिडायचे, पाय आपटायचे, ते पोरके नाहीत म्हणून ओरडायचे. ती मला शांतपणे मेथी निवडायला द्यायची. मला आयुष्यात तिचा इतका राग कधी आला नव्हता. एक अडाणी बाई माझं आयुष्य चुकीच्या भाषांतरावर ठरवणार, असं मी डायरीत लिहिण्याइतकी मूर्ख नव्हते, पण मैत्रिणींना सांगण्याइतकी होते.

अशात जळगावचे पाहुणे आले. मुलगा, त्याची आई आणि एक मामा. सांगून आले होते चारला, आले सहाला, म्हणजे नेमके मालिकेच्या वेळेला. मला साडी नेसवलेली. पोह्यांच्या बशा फिरल्या. आबा आणि मामा केळीच्या भावावर बोलायला लागले. मोठी आई पाहुण्यांजवळ बसली होती, पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. सहा वाजून गेले तशी ती उठली आणि सगळ्यांसमोर तिनं टीव्ही लावला.

आबांनी डोळे वटारले. तिनं तिकडे पाहिलंच नाही. मुलाच्या आईला म्हणाली, "पोरकी पोरे शेतस. आठ दिन झाये, थोरली बिमार शे." आणि आवाज वाढवला.

मुलाच्या आईला काही कळेना. आबांनी वेळ मारून न्यायला सांगितलं की आमची मुलगी इंग्रजी शिकलेली आहे, तिला यातलं सगळं समजतं, ती सांगेल. म्हणजे दाखवायचा कार्यक्रम माझा, आणि मी साडी नेसून, हातात पोह्यांची बशी घेऊन, एका लाँड्रीवरच्या पोरांचं भाषांतर करणार. मुलगा माझ्याकडे बघण्याऐवजी टीव्हीकडे बघत होता. त्यासाठी मी त्याला मनातून एक मार्क दिला.

त्या दिवशी पडद्यावर भलतीच धावपळ होती. कोणाचा तरी फोन आला आणि आजारी बुटकीसकट चौघं घरभर पळत सुटली. बाटल्या उचलल्या, सोफ्याखाली सारल्या. बाटल्या कशाच्या ते कोणत्याही भाषेत कळतं. सोफ्यावर झोपणाऱ्याला चादरीसकट कपाटात कोंबला. घेवड्याचे डबे खिडकीबाहेर गेले. तिकडचे लोक हसत होते. मोठी आई पुढे सरकून बसली होती, कारण असं घाबरून पळताना तिनं पोरांना कधी पाहिलं नव्हतं. घरमालक आला असेल, असं ती मुलाच्या आईला सांगत होती.

दार उघडलं. दारात एक जाडसर बाई, हातात पिशवी, डोक्याला रुमाल. बुटकी पुढे झाली आणि तिनं त्या बाईला "मम" म्हटलं.

एवढं इंग्रजी आमच्या घरात सगळ्यांना येत होतं.

"हाई कोनी माय?" मोठ्या आईनं विचारलं.

मी म्हटलं, बुटकीची.

"मंग जिती शे का ती?"

"हो. सगळ्यांचे आईवडील आहेत. मी किती दिवस सांगतेय."

"बठ्ठासना?"

"सगळ्यांचे."

मुलाची आई म्हणाली, "मग ही पोरं इथे कशाला राहतात?" मला काय झालं कोण जाणे. इतक्या दिवसांचा राग होता, आणि समोर ट्रकला टेकून उभं राहायचं आयुष्य बसलेलं होतं. मी म्हटलं, "त्यांना राहायचंय म्हणून." बोलले ते जरा मोठ्यांदाच. आबांनी बशी खाली ठेवली. मामा पोह्यातले शेंगदाणे शोधायला लागला.

मोठी आई मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती पडद्यावरच्या आईकडे बघत होती. ती बाई सोफ्यावर बसली, पिशवीतून डबा काढला, पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्या पायापाशी सोफ्याखालून एका बाटलीचं तोंड बाहेर आलेलं होतं. कॅमेरा त्यावर थांबला आणि लोक हसले. बुटकीनं ते पाहिलं नव्हतं. आईनं पाहिलं. तिनं चहाचा घोट घेतला, काहीतरी हवापाण्याचं बोलली, आणि बोलता बोलता बुटाच्या टोकानं ती बाटली हळूच आत सारली. मग ती उठली, पोरीचा मुका घेतला आणि निघून गेली. लोक केव्हाचे हसत होते. मोठ्या आईनं उठून टीव्ही बंद केला. नाटक लागायचं होतं, पण तिनं बंद केला.

पाहुण्यांना ती म्हणाली, चहा ठेवते. चहा झाला, निरोप झाले, जीप गेली. दोन दिवसांनी जळगावहून होकार आला. माझ्या तोंडाळपणाचं त्यांना काही वाटलं नव्हतं, धंद्यात बोलणारं माणूस लागतं म्हणे. मी स्वयंपाकघरात बसून रडत होते आणि रडताना कांदा चिरत होते, म्हणजे कोणी विचारू नये.

आबा खुशीत आत आले आणि त्यांनी मोठ्या आईला बातमी सांगितली. ती भाकरी थापत होती. तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि म्हणाली, "त्यासले नही सांगा. पोरगी पुण्याले जाई."

आबांनी विचारलं, हे कधी ठरलं. ती म्हणाली, आत्ता. आबांनी खोलीचं काढलं, लोकांचं काढलं, तिनं स्वतः इतके दिवस जे सांगितलं होतं ते सगळं काढलं. तिनं ते भाकरी भाजून होईपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्याकडे वळली. मला वाटलं आता जवळ घेईल.

"एक आयकी ले," ती म्हणाली. "बठ्ठा येतीन तुना खोलीवर. मी येवाव नही. माय उनी की पोरेसले दपाडनं पडस."

दपाडणं म्हणजे लपवणं. मी इतकी आनंदात होते की त्या बोलण्यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. जाताना तिनं गोधड्या दिल्या त्या तीन. मी म्हटलं, एक पुरे. ती म्हणाली, तिघी आहात ना.

पुण्याची खोली म्हणजे काही स्वप्नातली नव्हती. तिला दार होतं, पण कडी तुटलेली होती. आम्ही तिघी भांडलो ते भांड्यांवरूनच. पहिल्याच महिन्यात आई येऊन गेली. तिनं कपाट उघडून आतले कपडे उपसले आणि पुन्हा घड्या घालून ठेवले. वडील आले, दारातच बसले, पाणी पिऊन गेले. आबा आंब्याची पेटी घेऊन आले. त्यांनी नळ तपासला, मेन कॉक कुठे आहे ते आम्हा तिघींना दाखवलं आणि पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. मोठी आई आली नाही. मी एसटीडीवरून सांगायचे, ये ना. ती म्हणायची, तू ये. दिवाळीला गेले की माझ्याभोवती भोवती असायची, पण खोलीबद्दल एक अक्षर विचारायची नाही. कोण आहेत, काय खाता, कधी झोपता, काही नाही. सुरुवातीला मला ते बरं वाटलं. मग मला ते लागायला लागलं. मैत्रिणींच्या आया येऊन त्यांना घालूनपाडून बोलायच्या, आणि मला त्यांचा हेवा वाटायचा. मला वाटलं, मी गेले म्हणून तिनं मला मनातून काढलं. जिनं मला वाढवलं तिला माझी खोली बघावीशीही वाटू नये, याचं मला फार वाईट वाटायचं.

दुसऱ्या वर्षी पुण्यात आमच्या एका नातेवाइकाचं लग्न निघालं. मंगल कार्यालय माझ्या खोलीपासून चालत जाण्याइतकं जवळ. सगळं घर आलं. मोठी आईही आली, जरीची साडी नेसून, पहिल्या पंगतीला बसली. मी तिच्याशेजारी बसले. जेवता जेवता म्हटलं, चल ना आता, पाच मिनिटांवर आहे. तिनं मान हलवली आणि माझ्या पानात स्वतःची जिलबी ठेवली.

माझा संयम सुटला. पंगतीतच सुटला. मी म्हटलं, "सगळे येऊन गेले. तूच नाही आलीस. तुला काय वाटतं, मी काय धंदे करते तिथे? चल, कपाट उघडून दाखवते, गादी उचलून दाखवते. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही, मोठी आई. तुझ्यापासून तर काहीच नाही." बोलताना मला रडू आलं. वाढणारा भाताचं पातेलं घेऊन थांबला होता, त्याला मी पुढे जा म्हटलं.

तिनं घास खाली ठेवला.

"काईच नही?"

"काहीच नाही."

तिला आनंद झाला नव्हता. उलट मी काहीतरी हातचं घालवून बसले आहे, अशी ती माझ्याकडे बघत होती. मग तिनं उजव्या हाताचा भात निपटला आणि डावा हात माझ्या मांडीवर ठेवला.

"मंग दपाड ना काई," ती म्हणाली. "माले पासून बी दपाड. तुना वयमा मनी पेटीनी किल्ली बी सासूना कंबरले ऱ्हाये."